संत्र्याच्या टोपलीतला गंज

मु. पातूर, ४ फेब्रुवारी १९५८

ती. सौ. अक्काजीच्या पायावर धाकट्या भावजयीचं, सुभद्राचं, डोकं.

तुमचे गुडघे कसे आहेत? तुमच्या मालकाचा, किसनराव पाव्हण्याचा, खोकला? आमी इथं जिते आहो. पाव्हण्यानं मोर्शीहून आणलेली संत्री गोड निघाली. तुमी विचारलं, रिकाम्या टोपलीत आमच्या घरचा मटण शिजवाचा गंज कावून निघाला. मीच टाकला अन् वरून पोतं झाकलं. पाव्हण्याले बोलू नका, त्यायनं तो मोटारीच्या टपावरून मोर्शीपर्यंत नेला अन् त्यायले खबर नाही.

दिवाळीनंतर तुमचे भाऊ खळ्यात चक्कर येऊन पडले हे तुमाले ठाऊक आहे. अकोल्याचा डॉक्टर म्हणे रक्ताचा दाब वाढला, मटण कमी करा. आता या माणसाले कमी म्हणजे किती ते कोण सांगते? (दोन शेर आणून "आज कमीच आणलं" म्हणणारा माणूस.) आपल्या घरी मटण चुलीवर चढत नाही, आंगणात तीन दगडांवर बाप्येच रांधतात. म्हणून मी गंजच घराबाहेर काढला. पण साऱ्या गल्लीत मोठा गंज तेवढा एकच, अन् सारे आमच्याकडूनच मागून नेतात, हे ध्यानातच नाही आलं. सारी गल्ली माळकरी झाली. शेजारच्या पुंजारामनं अंघोळीच्या पाण्याच्या भगुण्यात शिजवलं, तर त्याच्या बायकोनं, मैनाबाईनं, रश्शासकट भगुणं उकिरड्यावर उलटं केलं. दोघं मिळून मलेच शिव्या देऊन राहिले. टेकडीवर झाडं लावणारे चिंतामण मास्तर तेवढे खुश. म्हणाले, "वहिनी, मटण कमी खाल्लं की लोक बकऱ्या कमी पाळतील, माझी रोपं जगतील." मी म्हटलं, "मास्तर, सध्या तर न कापलेल्या बकऱ्याच तुमची टेकडी खाऊन राहिल्या." आता तेही रुसले.

तुमचे भाऊ भांडले असते तर बरं होतं. दोन महिन्यांपासून वरण-भाकर मुकाट्यानं गिळतात अन् त्या थंड तीन दगडांपाशी जाऊन बसतात. दाब उतरला, चक्कर येत नाही. मीच थकली.

सुभद्रा

ता.क. पुढच्या बुधवारी ते तुमच्याकडे येऊन राहिले, संत्र्याचा बगीचा पाहाले म्हणे. थैलीत मसाला बांधून घेतला आहे. गंज लपवा.

आणखी ता.क. लपवू नका. महिन्यातून एकदा चालते असं डॉक्टर म्हणाला होता, मी ते घरी सांगितलं नाही. चार फोडी द्या, मीठ कमी. मी लिहिलं म्हणून सांगू नका. पोटात गेलं की ते मले नावं ठेवतील. ठेवू द्या, अन् काय काय म्हणाले ते सारं लिहून पाठवा. इथं ऐकून लय दिवस झाले.