शवासनाचा पुरावा

५ मार्च १९७८, रविवार
योगमंडळाची सभा. पाडव्यापासून योगशिक्षकांसाठी प्रशिक्षणवर्ग. प्रमुख कोण, हा खरे तर प्रश्नच नाही. गुरूशिवाय, केवळ पुस्तके आणि आरसा यांवर शिकलेला विदर्भात दुसरा कोण? तरी मंडळाचे डॉ. मनोहरराव म्हणाले, यमुताईंचेही नाव आहे. ज्याच्या शिकवण्याने लोकांना फायदा होतो असा पुरावा मिळेल, त्याला वर्ग. मी टाळी वाजवली. पुरावा म्हणजे माझा प्रांत. यमुताई शाळेत शिवण शिकवतात.

७ मार्च, पहाटे ५.१०
प्रयोग ठरला. दोन गट, शवासन, आधी व नंतर रक्तदाब. मोजणार डॉक्टर. मी सूचना लिहून काढल्या. फुलस्केप, दोन्ही बाजू. कोनमापकही घेतला, पायांच्या अंगठ्यांमधला कोन चुकला की सगळे व्यर्थ. सौ. म्हणाली, ‘शवाचा कोन कोण मोजतं?’ दुर्लक्ष केले.

१२ मार्च, रविवार
प्रयोग झाला. एक क्षण वाया जाऊ दिला नाही. सैल सोडण्याच्या सूचना अखंड. जो सैल दिसला नाही त्याला कानाशी जाऊन सांगितले. जयवंताबाईंचा अंगठा स्वतः जागेवर आणला. त्या दचकून उठून बसल्या. म्हणाल्या, ‘डोळा लागूनच राहिला होता सर. काहून धरला जी अंगठा?’ शास्त्र समजावले.
पलीकडे यमुताई ‘पडा आता निवांत’ म्हणाल्या आणि गप्प. याला शिकवणे म्हणतात!
निकाल: त्यांच्या गटाचा दाब उतरला. माझ्या गटाचा चढला. यंत्र सदोष असावे.

१३ मार्च
डॉक्टर म्हणतात, यंत्र ठीक. म्हणजे माणसे सदोष. माझ्या गटात इतवारीचे धान्यवाले होते. त्यांचा दाब बाजारभावाबरोबर हलतो. गटांची अदलाबदल करून फेरप्रयोग मागितला. खरे संशोधन असेच होते.

१९ मार्च, रविवार
फेरप्रयोग. धान्यवाले यमुताईंकडे घोरले. माझ्याकडे पुन्हा चढला. कवडूजींनी मध्येच विचारले, ‘सर, तुम्ही सोता श्वास कवा घेता जी?’ प्रश्न अभ्यासपूर्ण. उत्तर बरेच लांबले.

२ एप्रिल, रविवार
निर्णय: प्रमुख यमुताई. जेवलो नाही. (उपवास आरोग्यासाठी.)
परंतु माझ्याशिवायही वर्ग अशक्य! डॉक्टर म्हणाले, नव्या शिक्षकांना दाब उतरवून दाखवायचा तर आधी चढवणारा हवा. रोज सुरुवातीला तुम्ही बोला. सभेत हशा. आनंदाचाच असावा. पदाचे नाव मी सुचवले: ‘पूर्वपरिणाम-तज्ज्ञ’. बघू म्हणाले.

८ एप्रिल, पाडवा
वर्ग सुरू. बोललो. सगळ्यांचा चढला. मग यमुताईंच्या चुका टिपाव्यात म्हणून शेवटच्या सतरंजीवर आडवा झालो. त्या म्हणाल्या, ‘पडा गोपाळराव, तुम्हीही पडा.’
जागा झालो तेव्हा बाकीच्या सतरंज्या गुंडाळून झाल्या होत्या. दंडाला डॉक्टरांचा पट्टा. म्हणाले, कितीतरी उतरला!
निरीक्षण अपुरे राहिले. उद्या पुन्हा करणार. उशी नेणार.