हेस्टियाची जागा

प्रिय ताई,

रविवारीच तर तुझ्याकडे येऊन पोटभर जेवून गेलो, आणि आज हे पाकीट. माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. फोन हाताशी असताना हा टिल्लू पत्र कशाला लिहितोय, नक्की काहीतरी करून ठेवलंय यानं. ठेवलंय, ताई. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मध्येच 'बरं बरं, जेवलास का' म्हणाली असतीस आणि मी 'हो' म्हणून सुटलो असतो. माझं निम्मं आयुष्य तुझ्या त्या 'बरं बरं'वर सुटण्यात गेलंय. आज सुटायचं नाही असं ठरवलंय, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

आमच्या म्युझियमचं म्हणशील तर सगळं आहे तसंच आहे. आठ पायांच्या कोळ्यांच्या खोलीचं छत पुन्हा गळायला लागलंय आणि मी कपाटांवर प्लास्टिक अंथरून बसलोय. शेजारच्या खोलीतला गोगलगायवाला निवृत्तीला आला, तरी रोज माझ्या आधी हजर होतो आणि माझ्या वाटणीचा चहा पितो. तुझी ती कोळ्याची मादी खिडकीजवळच्या कपाटात, वरच्या खणात, स्पिरिटच्या बाटलीत, तू ठेवलीस तशीच आहे. एक पाय तेवढा सुटलाय. रविवारी तू विचारलंस, माझी देवी कशी आहे रे, तेव्हा मी 'मजेत' म्हणालो आणि पाणी प्यायला उठलो. मला तहान लागलेली नव्हती.

गेले काही दिवस बाबांचं औषधांचं दुकान डोळ्यांपुढून हलत नाही. दुकान कसलं, मालक दुसराच, बाबा नुसते पुड्या बांधायचे. पण आपण ऐटीत 'बाबांचं दुकान' म्हणायचो. शाळा सुटली की काउंटरखाली आपली बैठक. बाटल्यांवरची नावं तू वाचायचीस आणि प्रत्येक नावातून कुणीतरी बाहेर काढायचीस. मॉर्फिनमध्ये स्वप्नांचा देव लपलाय म्हणे. माझ्या तिरळ्या डोळ्यासाठी डॉक्टरांनी अ‍ॅट्रोपिनचे थेंब लिहून दिले, तेव्हा तू गंभीर चेहऱ्यानं सांगितलंस, की तीन देवी असतात, एक माणसाच्या आयुष्याचं सूत काढते, दुसरी मापते आणि तिसरी कापते, आणि या बाटलीवर त्या तिसरीचं नाव आहे. मी दुकान डोक्यावर घेतलं. बाबांनी तुझ्या पाठीत धपाटा घातला. मग माझी समजूत काढायला तू म्हणालीस, अरे वेड्या, डोळ्यातल्या रंगीत कड्यालाही त्या लोकांनी इंद्रधनुष्याच्या देवीचं नाव दिलंय, थेंब तिच्या घरी पाहुणे म्हणून चाललेत, रडतोस काय. थेंब झोंबले, पण मी रडलो नाही.

देवळं पडली की देव बेघर होतात आणि कॅलेंडरात, बाटल्यांवर, आकाशात, जिथे मिळेल तिथे भाड्यानं राहायला येतात, हा तुझा तेव्हाचा सिद्धांत. जानेवारीत दोन तोंडांचा दारावरचा देव, मार्चमध्ये सदा भांडायला उठलेला एक. आणि आपल्या इंद्राला तरी आता कोण विचारतंय, पण इंद्रधनुष्य त्याचंच आणि नाक-कान-डोळ्यांना इंद्रियं म्हणताना आपण त्याचंच नाव घेतो. हे मी वर्गात छाती फुगवून सांगितलं, आणि बाईंनी मला चावट म्हणून बाकावर उभं केलं. त्यासाठीही तूच येऊन बाईंशी भांडलीस. तू भांडू शकतेस, ताई. फक्त स्वतःसाठी तुला ते कधी जमलं नाही.

पुढे आपण दोघंही अशा धंद्यात पडलो जिथे देव सगळ्यांत स्वस्त. किडे-मुंग्यांना नावं ठेवणाऱ्यांनी ग्रीकांचे देव संपवले, रोमनांचे संपवले, मग इजिप्तवर धाड घातली. कुठल्याशा भुंग्याला युद्धाच्या देवाचं नाव, कुठल्याशा शिंपल्याला समुद्राच्या राणीचं. आता एखादी देवी मोकळी सापडणं म्हणजे सुट्टीच्या दिवशी बागेत बाक रिकामं मिळण्यासारखं आहे. तुला ती मिळाली असं तेव्हा वाटलं होतं. लाँड्रीच्या भट्टीमागच्या भिंतीत तुला तो कोळी सापडला. मी टॉर्च धरून उभा होतो आणि गरम होतंय म्हणून कुरकुरत होतो. भट्टीची ऊब सोडून कुठे न जाणारी ती मादी, तिच्यासाठी तू चुलीची देवी निवडलीस. हेस्टिया. बाकीचे देव युद्धं करतात, लफडी करतात, ही आपली चुलीपाशी बसून असते म्हणालीस. आणि एक गोष्ट सांगितलीस, की मोठ्या देवांच्या बैठकीत बाराच आसनं होती, तेरावा आला तेव्हा भांडण नको म्हणून ही आपणहून उठली आणि तिनं आपली जागा त्याला दिली. तेव्हा मी म्हणालो होतो, भलतीच बावळट देवी आहे. तू हसलीस.

मग म्युझियममध्ये ती एकच कायमची जागा निघाली. आपण दोघं हंगामी, दोघांचेही अर्ज. मुलाखतीच्या सकाळी मी बुटांना पॉलिश करत होतो आणि तू शिलाई मशीन उघडून बसलीस. म्हणालीस, मला मेला कोळ्यांचा कंटाळा आला, पाय मोजून मोजून डोकं फिरलं, तू जा. मी गेलो. आदल्या संध्याकाळपर्यंत जिचे डोळे भिंगाला चिकटलेले होते तिला सकाळी एकदम कंटाळा कसा आला, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मला ती जागा हवी होती. तेव्हापासून तू लोकांचे कोट उसवतेस आणि मी तुझ्या खुर्चीत बसून पगार घेतो.

आता खरं ते. गेल्या महिन्यात गोगलगायवाला एक जुनं जाडजूड पुस्तक काखेत मारून माझ्या खोलीत आला. तुझी हेस्टिया मोकळी नव्हती, ताई. आपले बाबाही जन्मले नव्हते तेव्हाच कुणीतरी एका चिमुकल्या गोगलगाईला ते नाव देऊन ठेवलं होतं आणि ते सगळेच विसरले होते. आमच्यात एका नावाचे दोन प्राणी चालत नाहीत, जो आधी आला त्याचं नाव राहतं. म्हणजे तुझ्या कोळ्याचं नाव गेलं. नवं ठेवायला हवं, आणि जो नवं ठेवतो त्याचं नाव त्यापुढे कायमचं लागतं. पण यात आमच्या लोकांची एक रीत आहे, तुला आठवत असेल. चूक सापडली म्हणून झडप घालायची नाही. ज्यानं ते बाद झालेलं नाव ठेवलं तो हयात असेल तर आधी त्याला कळवायचं आणि नवं नाव ठेवायला त्याला वर्षभर द्यायचं. त्यानं नाही ठेवलं, तरच दुसऱ्यानं हात घालायचा.

मी तुला कळवलं नाही. मी आठवड्याभरात लेख लिहिला आणि त्या कोळ्याला नवं नाव दिलं. कुणाचं, माहीत आहे? तुझं. तुझ्या नावावरून. स्वतःचंच नाव स्वतः देणं आमच्यात शोभत नाही, मग ताईला कसं छान आश्चर्य वाटेल, छापून आलं की नेऊन दाखवू, असं मी स्वतःला चक्क पटवून दिलं. आणि तुझ्या नावापुढे ठेवणारा म्हणून माझं नाव. तुझ्याच खिशातून काढायचं आणि तुलाच भेट द्यायचं, वर टाळ्याही घ्यायच्या. लेखात मी एक ओळ घातली, 'मूळ लेखिकेशी संपर्क होऊ शकला नाही.' ज्या दिवशी ती लिहिली त्याच दिवशी तू फोन करून विचारलं होतंस, खोकला कसा आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तरी आश्चर्याचं सोंग टिकलं असतं. पण संपादकांनी विचारलं, दोघांचं आडनाव एकच दिसतंय, त्या आपल्या नात्यातल्या का? मी लिहिलं, योगायोग आहे. ताई, एवढं लिहून मी चहा मागवला आणि पुढची पत्रं उघडली.

रविवारी समोरच्या शाळेतल्या बाई कोटाचं माप द्यायला आल्या होत्या. तोंडात टाचण्या धरून तू त्यांना सांगत होतीस, हा माझा भाऊ, याच्या कपाटात माझी एक देवी आहे, तुम्हाला दाखवेल तो. केवढा आनंद होता तुझ्या तोंडावर! मी मान हलवली. नंतर तू आत पोळ्या टाकत होतीस आणि मी शर्टाचं बटण लावायला दोरा शोधत होतो, म्हणून तुझ्या मशीनचा खण उघडला. रिळांच्या मागे तुझं भिंग होतं. पितळेची कड वापरून वापरून गुळगुळीत झालेली, काचेवर धुळीचा कण नाही. मी खण लावून टाकला आणि बटण तसंच तुटकं ठेवून जेवायला बसलो. तू मला आणखी वाढलंस, मी ते खाल्लंही.

आज सकाळी मी संपादकांना कळवलं, की योगायोग वगैरे काही नाही, ती माझी सख्खी थोरली बहीण आहे, चांगली ठणठणीत आहे आणि मी खोटं बोललो. लेख मागे घेतला. दुपारीच त्यांचं उत्तर आलं, चांगलं झणझणीत. आमच्या साहेबांच्या कानावर घालणार आहेत. घालू देत, व्हायचं ते होईल. शेवटी त्यांनी बजावलंय, की मूळ लेखिकेला रीतसर लेखी कळवा आणि वर्षभर थांबा. तर ताई, हे ते पत्र. आजपासून वर्षभर त्या कोळ्याचं नाव तुझ्या हातात आहे, आणि वर्ष उलटलं तरी मी त्याला हात लावणार नाही. येत्या रविवारी मी त्या बाटलीसकट तुझ्या दारात येतो. शिव्या दे, धपाटे घाल, दार उघडू नकोस, तुझी मर्जी. फक्त मला कंटाळा आलाय असं म्हणू नकोस, मी भिंग पाहिलंय. आणि भांडण नको म्हणून या वेळी तू उठू नकोस.

तुझाच,
टिल्लू