रुना चुकते तेव्हा

कळमनुरी,
दसऱ्यानंतरचा सोमवार

प्रिय नीलू,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. तू फोन उचलत नाहीस, आणि मोबाइलवर लांब काही लिहायला बसले की माझं बोट एकीकडे आणि अक्षर भलतीकडे, म्हणून आपला कागद घेतला. आपल्या गल्लीतले किशनराव मास्तर तुमच्या गोरेगावच्याच शाळेवर आहेत, त्यांच्या हाती पाठवते आहे. ते उघडून वाचणार नाहीत. त्यांना मुलांचे पेपर वाचायचाच कंटाळा.

पुष्कर कचेरीतून येतो, जेवतो आणि फोन बघत बसतो. तू आराम करायला म्हणून माहेरी गेलीस, एवढंच त्याला माहीत. पण लग्नाचा वाढदिवस विसरलो म्हणून ती रुसली, असं त्याच्या मनानं घेतलं आहे. घेऊ दे, पुढच्या वर्षी लक्षात तरी राहील. भांड्याला येणारी मिना मात्र रोज छळते. "काकू, वैनी काहून येऊन नाही राहिल्या? माहेरात कुनी बिमार हाय का?" मी म्हटलं, अगं, तिच्या आईला हाताखाली कुणी लागतं. तर म्हणते, "मंग तुमाला लागत न्हाई व्हय?" मी उठून ओट्यावरचं पुसायला लागले.

दुपारी देवळासाठी फुलवाती वळायला अजून तिथंच बसते, खिडकीपाशी. तुला आठवतं, पहिल्यांदा तू शेंगदाण्याच्या डब्याला फोन टेकवून 'रुना और सात हवाएँ' लावलंस, तेव्हा मी किती नाक मुरडलं होतं? लग्न झालेली बाई कार्टून बघते म्हणजे काय, असं मनात आलं होतं. तू एक इअरफोन माझ्या कानात घातलास. तुझे सासरे माजघरात वामकुक्षी करत होते, म्हणून तो खटाटोप. वाती वळता वळता एक भाग संपला आणि मी विचारलं, पुढचा कधी? तेव्हा तू हसलीस ते अजून डोळ्यांपुढे आहे.

काय होतं गं त्या पोरीत? आपल्या पुराणांवरच्या मालिकांमधल्या बायका रडल्या तरी काजळ जागचं हलत नाही. आणि ही रुना! केस सदा डोळ्यांवर, भीती वाटली की खात सुटणार, मैत्रिणीचं कौतुक झालं की हिच्या पोटात दुखणार. ढगांवर तरंगणारं गाव, तिथं सात वारे रांजणांत कोंडून ठेवलेले, आणि त्यांची राखण करणाऱ्या मोरा नावाच्या म्हातारीच्या हाताखाली ही शिकणार. शिकणार कसली, रांजणाच्या तोंडाला एक गाठ धड बांधता येत नाही! तरी ती चुकली की आपल्या वाती थांबायच्या. तू म्हणायचीस, "आई, ही मीच आहे." मी वरवर हसायचे, पण आत म्हणायचे, मी पण. मला या घरात चुकायची सोयच नव्हती. एकोणिसाव्या वर्षी आले ती शहाणी सून म्हणूनच, आणि मग शहाणपण अंगाला चिकटलं ते चिकटलंच. ती पोरगी माझ्या वाटचंही चुकून घेत होती, म्हणून मला ती फार आवडली.

आता महालक्ष्म्यांचं लिहिते. लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण मग पत्राला अर्थ काय? मागच्या वर्षी, तुझ्या पहिल्या महालक्ष्म्यांना, कटाच्या आमटीत तूही मीठ घातलंस आणि मीही. सोवळ्यातलं चाखायचं नाही, देवाच्या आधी जिभेला लागलं की उष्टं झालं, मग कळणार कसं? सगळ्या सवाष्णी तोंड वाकडं करत जेवल्या, आणि तुझ्या चुलतसासूबाईंनी, पार्वतीबाईंनी, त्या आमटीचं खापर वर्षभर एकट्या तुझ्यावर फोडलं. बारसं असो की मुंज, त्यांच्या तोंडी तुझी आमटी. म्हणून यंदा तू आंबिलीचा थेंब तळहातावर घेऊन चाटलास, हे मला त्याच क्षणी समजलं. नेमक्या त्या दारात उभ्या. "चाखलंस काय गं?" असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं आणि तू म्हणालीस, "आईंनी सांगितलं."

मी पुरण वाटत होते. तुझ्याकडे बघितलं, तुझा चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, हो, मीच सांगितलं. आंबील ओतून दिली, पुन्हा केली, आरतीला दुपार टळली आणि सवाष्णी भुकेनं कळवळल्या. तू दुसऱ्या दिवशी भावाबरोबर निघून गेलीस. मग तुझा तो निरोप आला, 'आई, मी तुमच्यावर खोटा आळ घातला, आता तोंड कसं दाखवू,' आणि फोन बंद.

मला राग आला का? आला. खोटं कशाला लिहू. दोन-चार दिवस तर तुझं नाव निघालं की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. इतक्या वर्षांत माझ्या सोवळ्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. तुझे सासरे माझ्याशी बोलेनात. ते एक परवडलं, घरात जरा शांतता झाली. पण पार्वतीबाईंनी गल्लीभर केलं, आणि यंदा देवळातल्या अष्टमीच्या नैवेद्याला मला कुणी बोलावलं नाही. तेव्हा वाईट वाटलं. घरात बसून राहिले आणि करमेना म्हणून पुष्करच्या फोनवर रुना लावली.

तो भाग लावला, ज्यात ती चुकून वादळाचा रांजण सोडते, पवनचक्क्या मोडतात, आणि सगळं गाव जमल्यावर मोराकडे बोट दाखवून म्हणते, हिनं सांगितलं होतं. आपण दोघी त्या वेळी किती रडलो होतो! तू तर म्हणत होतीस, "बिचारी घाबरली हो." या वेळी मी रुनाकडे बघितलंच नाही. मोराकडे बघितलं. ती म्हातारी गावाला काही सांगत नाही, तिच्या हातातली गाठ सुटत नाही, एक पीळ देते, दुसरा देते. पण तिचा खालचा ओठ हलतो. पहिल्यांदा ते आपल्याला दिसलंच नव्हतं, कारण तेव्हा आपण दोघी रुनाच होतो. आता माझी जागा बदलली. आणि खरं सांगते, त्या जागेवरूनही पोरीचा राग फार वेळ धरवत नाही. तिला लागलं तर नाही ना, एवढंच बघावंसं वाटतं. पुढे रुना गाव सोडून पळते, कितीतरी भाग परत येत नाही. तेव्हा तू फोनकडे बघून ओरडायचीस, "अगं, जा ना परत! ती वाट बघते आहे तुझी!"

घरात मी कुणाला काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग, मी तुझ्या शेजारी बसेन. नाही वाटलं तर तसंच राहू दे, माझं काही झिजत नाही. पार्वतीबाईंना बोलायला काहीतरी लागतंच, आमटी नाही तर आंबील. आणि आंबील चांगली झाली होती का, एवढं मात्र मला सांग. ओतून दिली, म्हणून कुणालाच कळलं नाही.

आता पत्र कशाला लिहिलं ते. पुष्कर तुला आणायला निघाला होता, मी थांबवलं. तुझे सासरे म्हणतात, भावानं आणून सोडावं, तशी रीत आहे, आपण होऊन व्याह्यांच्या दारात जायचं नसतं. मी ऐकून घेतलं आणि जीपवाल्या मुंजाजीला सांगून ठेवलं, बुधवारी हिंगोलीहून गोरेगावला निघणाऱ्या जीपमधली पुढची जागा माझी. मी येते आहे, एकटी. मुराळी म्हणून येते आहे. मुराळी लेकीला सासरहून माहेरी न्यायला येतो, सुनेला सासरी न्यायला नाही, आणि सासू तर कधीच मुराळी होत नाही, हे मला कळतं. आयुष्यात एकदा रीत चुकते आहे, चुकू दे. विहीणबाईंना म्हणावं, साडीचोळीचा घाट घालू नका, साधी भाकरी करा. तू माफी मागायची नाहीस, तो विषयच काढायचा नाही. पिशवी भरलेली असली तर बरोबर निघू. नसली तर रागावणार नाही, तुझ्या हातचं जेवेन, दुपारच्या जीपनं परत येईन, आणि पुढच्या बुधवारी पुन्हा येईन.

तुझीच,
आई