नाल्याच्या गाळाचा हिरवा चुडा

भरे, ता. मुळशी

तीर्थरूप दाजींना धाकटा मेहुणा हैबतराव याचा साष्टांग नमस्कार. आक्काचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला? आम्ही इकडे सुखरूप आहोत, निदान वरून तरी तसं दिसतं.

आमच्याकडे जुईली नावाची भाडेकरीण आली आहे. पुण्याची, शिकलेली, बोलायला गोड (तिथेच मला पहिली शंका आली). तिने आपला शेळ्यांचा गोठा घेतला आणि त्यात काच वितळवायची भट्टी लावली. वावराशेजारच्या नाल्यात कारखान्याचं पाणी येतं ना, ते ती कॅन भरभरून घरी आणते. दाजी, नाल्याचं पाणी घरी कोण आणतं? त्यात सोनं असल्याशिवाय? म्हणून मी काठाला कुंपण घालून फाटक बसवलं, वर कुलूप लावलं. पाणी फाटकाखालून निघून गेलं आणि तारेत आपलीच म्हैस अडकली. मग गुपचूप मीही पातेलंभर पाणी आटवलं. खाली हिरवट गाळ उरला. पातेलं वाया गेलं, वर आमच्या मंडळींची, गोजराबाईची, बोलणी खाल्ली.

शेवटी जुईलीनेच सगळं दाखवलं. पाण्यात कसलीशी औषधं टाकून ती क्रोमियम नावाचा धातू खाली बसवते. तो गाळ वाळवून चिमूटभर काचेच्या रसात घातला की काच हिरवीगार! धातू काचेत कायमचा कोंडला जातो, म्हणते (तुरुंगातून माणसं सुटतात, हे मी तिच्या कानावर घातलं). पण आता तिने आमच्या रेश्माच्या लग्नाचा चुडा याच काचेचा करून आणलाय आणि पोरगी हट्टाला पेटलीय. लेकीच्या हातात विष भरू द्यायचं? मी चुडा कपाटात कोंडला, तशी गोजराबाई कडाडली, "काचंतल्या इखाला भ्याताय व्हय? आन त्याच नाल्याचं पानी मोटार लावून भाताला पाजता, तवा कुटं जाती तुमची शंका?" जुईलीने हिलाही फितवलेलं दिसतंय.

आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
हैबतराव

ता. क. चुड्याबद्दल आक्काचं मत कळवा. गोजराबाई काय म्हणाली ते तिला सांगू नका.

ता. क. आणखी एक. दिवाळीला पाठवलेलं आंबेमोहोराचं पोतं नाल्याकडच्याच वावरातलं आहे. जुईलीने त्याच वावरातला, घरी उरलेला तांदूळ तपासायला नेलाय, तोवर एक दाणाही शिजवू नका. आक्का नातवाला त्याचाच मऊ भात भरवते, हे आठवलं आणि जीव थाऱ्यावर राहिला नाही. फोनवर सांगायला तोंड नव्हतं, म्हणून वरचं एवढं सगळं लिहिलं.