माउसचा बाण दोन बोटं वर धरण्याबाबत

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
हिरवीमाय बीज तपासणी केंद्र,
जालना एमआयडीसी, जि. जालना.

अर्जदार : बेबीनंदा तातेराव मगरे, संगणक नोंदणी सहायक (कंत्राटी), रा. वडीगोद्री, ता. अंबड.

विषय : श्रीमती रेणू रामप्रसाद कोळेकर यांच्यावरील ठपका मागे घेण्याबाबत, तसेच चौदा महिने माउस चुकीचा चालत होता हे केंद्राने लेखी कबूल करण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे दि. ११ मार्च २०२४, ८ जुलै २०२४ व ६ जानेवारी २०२५ चे अर्ज (एकाचेही उत्तर नाही). २) श्रीमती रेणू यांना दिलेली दि. २ मे २०२५ ची नोटीस. ३) संगणक विभागप्रमुख श्री. रामराव देठे यांचा दि. ९ मे २०२५ चा चौकशी अहवाल.

महोदय,

"मोठ्यानं वाच, बेबे. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्या कानावर गेलं पायजे." अर्जदाराचे वडील कालकथित तातेराव हे वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहून देत असत. गायन पार्टीत पेटीवर बसणारा माणूस, आवाज असा की विहिरीवरच्या बायका घागर खाली ठेवून ऐकत. अर्ज लिहून झाला की ते अर्जदारास, म्हणजे तेव्हाच्या नऊ वर्षांच्या पोरीस, तो ओसरीवर उभे राहून वाचावयास लावीत, आणि ज्यांची नावे अर्जात असतील त्यांना बोलावून समोर बसवीत. त्यानंतरच सही किंवा अंगठा. तो नेम अर्जदाराने आजवर पाळला आहे. प्रस्तुत अर्जही तसाच वाचण्यात आला. वाचताना काय झाले ते शेवटी येईल. आपल्याला अर्ज शेवटपर्यंत वाचण्याची सवय नाही याची तीन अर्जांनंतर खात्री झालेली आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवले.

१. केंद्रात प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवतात. आठवड्याने श्रीमती द्वारकाबाई ती गुंडाळी बाळंतिणीच्या बाळाचे दुपटे उलगडावे तशी उलगडतात, कोंब मोजतात आणि आकडा चिठ्ठीवर लिहितात. सोयाबीनचे सत्तर कोंब आले की लॉट पास, कमी आले की नापास. त्या चिठ्ठीवरून संगणकात नोंद करण्याचे काम अर्जदार व रेणू या दोघींचे. पडद्यावर एका पानात चाळीस लॉट, एकाखाली एक, आणि प्रत्येकासमोर दोन चौकटी. बरोबर चौकटीवर बाण नेऊन क्लिक करायचे. काम एवढेच. पण त्या एका क्लिकवर कोणाच्या तरी रानात उगवणार की माती तशीच राहणार, हे ठरते.

२. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रात नवे संगणक आले. नोंदणीची आज्ञावली मात्र इतकी जुनी की नव्यावर चालेना. म्हणून नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक बसवण्यात आला, ज्यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्याला लोखंड नाही, तारा नाहीत, तो पडद्यावरच्या एका खिडकीत राहतो. त्याला बाहेरचा माउस कुठे आहे हे कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. आपल्या येथे साधा ड्रायव्हर लावण्यात आला. तो फक्त 'इतके सरकले' एवढेच कळवतो, 'अमुक जागी आहे' असे कळवत नाही. वाटसरूला 'चार पावले पुढे जा' म्हणावे आणि उभे कुठून राहायचे ते सांगू नये, तसे. परिणामी दिसणारा बाण एका जागी आणि क्लिक पडायची दुसरीकडे. बाण वरच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन टेकवला तर हा फरक दिवसभर ठराविक राही, तो म्हणजे बरोबर दोन बोटं. क्लिक दोन बोटं खाली पडे. दोन बोटं म्हणजे त्या पानावरच्या दोन ओळी.

३. अर्जदाराने हे तोंडी सांगितले. श्री. रामराव देठे यांनी दिलेले उत्तर जसेच्या तसे : "बाई, माउस बराबर हाय. तुमची नजरच तिरपी. चष्मा बदला." अर्जदाराने अंबडला जाऊन डोळे तपासले. नंबर तोच निघाला. दुसऱ्यांदा सांगितल्यावर, चहाचा कप हातात असताना, "दोन बोटं वर धरा की मंग! जीव जाऊन राह्यला का तुमचा?" हाच केंद्राचा त्या विषयावरील एकमेव तांत्रिक आदेश होय. तो तोंडी होता म्हणून चौकशी अहवालात नाही. द्वारकाबाई तेव्हा दारातच उभ्या होत्या. त्यांना कोणी विचारले नाही.

आपल्याकडेही अर्जदार स्वतः आली होती. आपण मान वर न करता म्हणालात, "मशीन खोटं बोलत नसतं. बाया बोलतात." आपण सुज्ञ आहात असे या ठिकाणी लिहिण्याची पद्धत आहे.

४. तेव्हा आदेश पाळला. चौदा महिने दोघींनी बाण दोन बोटं वर धरला. रेणू घनसावंगीहून जीपने येते, अर्जदार वडीगोद्रीहून एसटीने. दोघींची घरे दोन दिशांना, पण बोटे एका मापाची झाली. रेणू नवीन होती तेव्हा विसरू नये म्हणून अर्जदाराने तिला एक ओवी बांधून दिली :

आधी कोपऱ्यात न्यावा, बाण भिंतीशी लावावा
दोन बोटं वर बाई, मंग घाव गं घालावा

ही ओवी म्हणत रेणूने हजारो लॉट चढवले. एकही चुकला नाही. आपण तिच्या कामाची तपासणी गेल्या दिवाळीत केली होती आणि एकही चूक न सापडल्याने थोडे नाराज झाला होता, हे आपल्यास आठवत असेल. आता अहवालातील चौथा ठपका असा आहे : "कामाच्या वेळेत गाणी म्हणणे."

५. सोमवार दि. २८ एप्रिल २०२५ रोजी अर्जदार वडिलांच्या पहिल्या स्मृतिदिनानिमित्त रजेवर होती. रेणू एकटी होती. तिने एकशे वीस लॉट चढवले, म्हणजे तीन पाने. आपल्या आज्ञावलीत खूण लगेच दिसत नाही, पान जतन केल्यावर उमटते आणि तेवढ्यात पुढचे पान उघडते, हेही अर्जदाराने दुसऱ्या अर्जात लिहिलेले आहे. बुधवारी द्वारकाबाईंनी एका थप्पीवर पासचे हिरवे लेबल पाहिले आणि जागच्या जागी थांबल्या. त्या लॉटचे त्यांनी एकेचाळीस कोंब मोजले होते. "येच्यातून गवत बी यायचं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि टेम्पो भरणाऱ्या गड्याच्या हातातले पोते धरून ठेवले. एकही पोते फाटकाबाहेर गेले नाही. याचे श्रेय अहवालात श्री. देठे यांच्या दक्षतेस देण्यात आले आहे. श्री. देठे त्या दिवशी छत्रपती संभाजीनगरला लग्नात होते.

६. यानंतर आपण रेणूला कामावरून थांबवले. नोटिशीत 'निष्काळजीपणा' लिहिले असते तरी एक वेळ चालले असते. आपण 'हेतुपुरस्सर' लिहिले. कोण्या व्यापाऱ्याशी संगनमत करून तिने नापास लॉट पास केले, आणि २२ मेच्या सुनावणीनंतर पोलिसांत तक्रार देण्यात येईल, असे लिहिले. ज्या घरात तीन पिढ्यांनी मेंढरं राखली आणि दुसऱ्याच्या बांधावरचा पाला विचारल्याबिगर तोडला नाही, त्या घराच्या दारावर हा कागद आपण शिपायाकरवी पाठवला. तिचे सासरे त्रिंबकराव त्या दिवसापासून पारावर बसायला गेलेले नाहीत.

अर्जदाराने नोंदी व चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. एकशे चौदा नोंदी, एकही न सोडता, दोन-दोन ओळी वर सरकलेल्या आहेत. प्रत्येक पानाच्या शेवटच्या दोन ओळी कोऱ्या. त्या सहा कोऱ्या ओळींना अहवालात "आळस" म्हटले आहे. महोदय, ज्याला लबाडी करायची तो सोयीचे चार लॉट फिरवील. एकशे चौदा लॉट एका मापाने वर कोण सरकवील? त्यात एका बड्या व्यापाऱ्याचे सात चांगले लॉट नापास झाले, ते कोणत्या संगनमताने?

झाले ते सरळ आहे. शनिवार दि. २६ एप्रिल रोजी, अर्ध्या दिवसानंतर, दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी, कोण्या अज्ञात व्यक्तीने माउसचा ड्रायव्हर दुरुस्त केला. फाइलीतल्या एका ओळीत 'माउस'च्या आधी 'व्हीएम' ही दोन इंग्रजी अक्षरे जोडली, म्हणजे जागा कळवणारा ड्रायव्हर लागला. झाले. ज्या दोषासाठी तीन अर्ज केले तो दोन अक्षरांचा होता. सोमवारपासून क्लिक जिथे बाण तिथेच पडू लागली. रेणूला हे कोणी सांगितले नाही. तिने आदेशाप्रमाणे, ओवीप्रमाणे, बाण दोन बोटं वर धरला. श्री. देठे यांनी ९ मे रोजी माउस हलवून पाहिला, तो बरोबर निघाला, आणि "माउस पूर्वीपासून बरोबरच होता" असे त्यांनी लिहून टाकले. फाइल उघडली नाही. फाइलीवर बदलाची तारीख आणि वेळ आपोआप राहते, एवढे विभागप्रमुखास ठाऊक नसावे.

येथपर्यंतचा मजकूर घेऊन अर्जदार काल रविवारी रेणूच्या घरी गेली, वडिलांच्या नेमाप्रमाणे वाचून दाखवण्यास. रेणू शेंगा फोडत बसली होती. त्रिंबकराव बाजेवर. अर्जदाराने उभे राहून वाचले. देठ्यांच्या 'चष्मा बदला'वर रेणू इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. द्वारकाबाईंनी पोते धरल्याचा मजकूर आला तेव्हा म्हणाली, "द्वारकामावशीला माझ्याकडून राम राम लिहा त्याच्यात." लिहिला आहे. सहावा मुद्दा वाचून झाला तेव्हा तिचे हात थांबले.

"बेबीताई," ती म्हणाली, "दोन वाजून सात मिनिटं. फाइल तर देठ्यानं बी उघडली न्हाई. मंग तुमाला मिनिट कसं ठावं?"

त्रिंबकराव म्हणाले, "पोरी, पाणी दे त्यांना." अर्जदार पाणी पिऊन साडेचारच्या गाडीला निघून आली.

७. आज सोमवारी केंद्रात न येता पुन्हा रेणूच्या ओसरीवर बसून हा मुद्दा लिहीत आहे. यापुढे 'अर्जदार' हा शब्द लिहिता येत नाही.

ती अज्ञात व्यक्ती मी.

देठे पासवर्ड टाकताना मी त्यांच्या खांद्यावरून पाहिला होता. अकरा दिवस एसटीत बसून मोबाइलवर वाचलं, वहीत उतरवलं. त्या शनिवारी सगळे गेल्यावर ती ओळ बदलली. जुनी ओळ आधी वहीत लिहून घेतली होती. बाण जिथे आहे तिथेच क्लिक पडली तेव्हा मी एकटीच खुर्चीत हसले, आणि बाबा असते तर त्यांना सांगितलं असतं असं वाटलं. चोरी म्हणा, शिस्तभंग म्हणा, जे कलम लावायचं ते लावा. जुलैत माझं कंत्राट संपतं. त्याच्यासाठीच एकवीस दिवस तोंड बंद ठेवलं. तेवढ्या दिवसांत रेणूला लोक काय काय बोलले ते ती मला सांगत होती, आणि मी ऐकून घेत होते.

मागणी एकच. २२ तारखेला सुनावणीच्या खोलीत ती जुनी ओळ परत घाला. मी सांगते तशी घाला, नाहीतर देठ्यांना जमत असेल तर त्यांना घालू द्या. मग रेणूला समोर बसवा आणि चाळीस चिठ्ठ्या द्या. आपण स्वतः मागे उभे राहा. चाळीसच्या चाळीस बरोबर पडतील. नंतर नवी ओळ घाला आणि तिला बाण वर न धरता करायला सांगा. तेही बरोबर पडतील. यानंतर तिची नोटीस तिच्या दारात, सासऱ्यांच्या समोर, मोठ्यानं वाचून मागे घ्या. नोटीस आणली त्याच शिपायाकडून.

आणि एक राहिलं. हे कोणत्याही फाइलीत सापडायचं नाही, म्हणून लिहिते. त्या सोमवारी सकाळी नऊ वाजता, बाबांच्या फोटोला हार घालत होते तेव्हा रेणूचा फोन आल्ता. "ताई, तुमी आज बाबांकडं बघा, इकडची काळजी नका करू," म्हणाली. "मी कोपऱ्यापासून सुरू करते." एका वाक्यात सांगता आलं असतं. घरात पाहुणे होते. पासवर्डाची गोष्ट चारचौघांत कशी बोलू म्हणून मी नुसतं "बरं" म्हणाले.

आता हे वाचून दाखवलं. रेणू समोर बसलेली आहे. तिनं सगळं ऐकलं. सही तिच्यासमोर करते.

जाब द्यायला हजर राहणारी,

(सही)
बेबीनंदा तातेराव मगरे
मु. घनसावंगी, दि. १९ मे २०२५

सोबत : १) पूर्वीच्या तीन अर्जांच्या पोचपावत्या. २) एकशे वीस चिठ्ठ्यांची प्रत, द्वारकाबाईंच्या सहीसह. ३) वहीचे ते पान, मूळ. जुनी ओळ वर, नवी खाली.