क्रूसाच्या कड्यावरची रेंज

चिराशान, ३ जून

चि. ओदिलिया हिस,

अ. उ. आ. आणि वर डोंगरदेवाचाही एक, कारण तुला नोकरी लागली हे मी सगळ्यात आधी त्याच्याच कानात सांगितलं.

तुझा फोटो पोचला. चुलीपासून लांब लावलाय, धुराने काळी पडू नयेस म्हणून. आयाबाया बघून गेल्या. वरच्या वस्तीतली माझी मैत्रीण एउसेबिया म्हणाली, पोरगी वाळली गं, राजधानीत मक्याच्या भाकऱ्या दुकानातून आणतात म्हणे. मी म्हटलं, वाळली तर वाळली, बूट बघ की केवढे चकचकीत! मग तिने विचारलं, ही काम काय करते? माझी तारांबळ उडाली. म्हटलं, टीव्ही, रेडिओ आणि फोनवाल्यांवर सरकारचं दूरसंचार मंडळ पहारा ठेवतं, आणि मंडळावर ओदिलियाच्या संस्थेची माणसं पहारा ठेवतात. कुंपण शेत खातंय का ते बघायचं. असंच ना? तर ही म्हणते, आणि ओदिलियावर कोण ठेवतं? म्हटलं, मी काय मेले?

आता रडगाणं. तुझ्या माकारिओ मामाचा रेडिओ अजून मुकाच आहे. परवाना नाही म्हणून मंडळाची माणसं पोलीस घेऊन आली आणि यंत्र उचलून नेलं ते नेलंच. परवाना मागून मागून मामाच्या चपला झिजल्या, ते कुणी बघितलं नाही. आपल्या भाषेत बोलणारं या खोऱ्यात तेवढं एकच केंद्र होतं गं. गेल्या पावसाळ्यात वरच्या वस्तीमागे डोंगराला भेग पडली, तेव्हा मामा त्यातून ओरडला, निघा, कोंबड्या राहू देत, निघा! म्हणून सगळी खाली आली. त्या वेळी डोंगर थांबला. भेग मात्र आहे तिथेच आहे, आणि पाऊस तोंडावर आलाय. यंदा कोण ओरडणार? तू पहाऱ्यावर बसली आहेस तर काहीतरी कर बाई.

लग्नाचं विचारत नाही. विचारलं नाही हे लक्षात ठेव.

माया पातळ होऊ देऊ नकोस,
तुझी आजी, तोमासा


ग्वातेमाला शहर, १४ जून

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र गाडीवाल्याने वेलदोड्याच्या पोत्यात खुपसून आणलं. उघडलं तर सगळं ऑफिस दरवळलं. साहेबांनी विचारलं, कुणाचं पत्र? म्हटलं, माझ्यावर पहारा ठेवणाऱ्या बाईचं.

आता नीट वाच. मंडळाच्या दप्तरी चिराशानला फोन पोचलेला आहे. कंपनीने तसं कळवलं आणि मंडळाने न बघता शिक्का मारला. आम्ही त्यावर तक्रार केली, वर्तमानपत्रात छापून आणलं, तेव्हा कुठे मंडळ हललं. त्यांचा अधिकारी गावात येऊन यंत्राने मोजणार आहे. गावात फोन लागत नाही असं निघालं तर माकारिओ मामाच्या रेडिओला परवाना द्यायचं त्यांनी लेखी कबूल केलंय. सगळं त्या एका मोजणीवर आहे, आजी.

मोजणीच्या वेळी गावातलं एक माणूस आमच्या वतीने हजर राहतं आणि अहवालावर सही करतं. मी तुझं नाव दिलंय. इथे सगळ्यांना मास्तर हवा होता. मी म्हटलं, माझ्या आजीसारखी सही मास्तराला जमणार नाही.

एकच विनंती. पलीकडच्या एका खोऱ्यात लोकांनी अशा अधिकाऱ्याला काठ्या दाखवल्या. मंडळाने लिहिलं, गाव असुरक्षित, आणि प्रकरण मिटवलं. म्हणून याला पाहुण्यासारखं वागवा. मामाला जीभ आवरायला सांग.

कृपाछत्र आहे तसंच राहू दे,
तुझी ओदिलिया


चिराशान, २९ जून

चि. ओदिलिया हिस,

अ. उ. आ. आज आशीर्वाद मापाने मोजणार नाही, पोतंभर घे!

साहेब येऊन गेले आणि काय सांगू, तुझ्या आजीने गावाचं नाक राखलं. बायरन नावाचं तुझ्याच वयाचं पोर, चष्म्यावाला. गाडी ओढ्यापाशी रुतली, तिथून चालत आला तो गुडघ्यापर्यंत चिखल. आधी त्याचे पाय धुतले. घरात पाइनच्या ताज्या सुया अंथरल्या, जशा सणाला अंथरतो. मोठा टर्की कापला. हो, तोच, तुझ्या लग्नासाठी ठेवलेला, पण तुझी घाई दिसत नाही म्हणून म्हटलं त्याने तरी किती वाट बघावी. लाल रस्सा केला. पोराच्या नाकाडोळ्यांतून पाणी, तरी वाटी पुढेच. माकारिओ एक अक्षर बोलला नाही, नुसता भाकऱ्या वाढत होता. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

जेवण झाल्यावर त्याने अंगणात यंत्र उघडलं. गप्प. शाळेपाशी नेलं, गप्प. चर्चपाशी, गप्प. मग पोराने स्वतःचा फोन काढला आणि हिरमुसला. बायकोला दिवस गेलेत म्हणे, निघताना तिच्या पोटात दुखत होतं. पाहुण्याला दारातून असं तोंड पाडून पाठवायचं? त्याला घेऊन चढले क्रूसाच्या कड्यावर. तुला माहीतच आहे, त्या एका खडकावर, क्रूसाकडे पाठ करून उभं राहिलं की फोन लागतो. माझे गुडघे कुरकुरत होते, पण नेलं. खडक झाडला, माझी शाल अंथरली, गरम कोको भरलेली तुंबडी हातात दिली. बायकोशी बोलला. ती बरी आहे, त्याला म्हणाली, जेवलास का? मी ओरडून सांगितलं, जेवलाय गं बाई, दोनदा!

तिथेच त्याने यंत्रही लावून बघितलं, तर यंत्राने अशी शीळ घातली! मग तिथेच बसून अहवाल लिहिला. मी म्हटलं, खाली लागत नाही तेही लिहा हं. तो म्हणाला, आजी, काळजी करू नका, मी सगळं लिहितो. मी सही केली. पूर्ण नाव, तोमासा काल चोक, एकही अक्षर न गाळता. रेडिओवर अक्षरओळखीचे धडे लागायचे, त्यात शिकवलं होतं तसं.

आता परवाना कधी येतो ते कळव. मामा जुन्या खांबाला रंग देतोय.

लोभाला गंज चढू नये,
तुझी आजी


ग्वातेमाला शहर, २१ जुलै

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र मामाला घेऊन वाच. एकटी वाचू नकोस.

अहवाल आला. त्यात लिहिलंय, चिराशान, सेवा समाधानकारक, मोजणीचं ठिकाण क्रूसाचा कडा, नागरिक प्रतिनिधींच्या सूचनेवरून. खाली तुझी सही आहे. अंगणातली, शाळेतली, चर्चपाशी केलेली मोजणी अहवालात नाही. मी मंडळात जाऊन विचारलं. तिथल्या बाईंनी सांगितलं, गावाने स्वतः दाखवलेली जागाच आम्ही ग्राह्य धरतो. रेडिओचा अर्ज फेटाळलाय.

आजी, तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. पाहुण्यासारखं वागव असं मीच लिहिलं होतं. पाहुण्याला आपण कुठे बसवतो हे मला ठाऊक होतं. घरच्या सगळ्यात चांगल्या जागी. त्याला कड्यावर नेऊ नका हे लिहायचं राहून गेलं, मी तुमच्यापैकीच असून विसरले.

याहून वाईट आहे ते सांगते. गावात फोन आहे असं दप्तरी झालं, की आपत्ती खात्याचा भोंगा त्या गावाला मिळत नाही. इशारा फोनवर येणार. म्हणजे वरच्या वस्तीला रेडिओ नाही, भोंगाही नाही.

आम्ही फेरतपासणी मागितली आहे. सुनावणी नोव्हेंबरात. तोवर तुझं निवेदन हवं, घडलं तसं लिही. आणि एउसेबियाआजीला सांग, वस्ती पावसापुरती तरी खाली आणा.

मनातून उतरू देऊ नकोस,
तुझी ओदिलिया


चिराशान, १६ ऑगस्ट

चि. ओदिलिया हिस,

अ. उ. आ.

निवेदन सोबत आहे. लिहायला फार दिवस लागले. पेन धरला की टर्की आठवायचा आणि संताप यायचा. माझ्या अन्नाला जागला नाही मेला. मग वाटायचं, त्यालाही वरून कुणीतरी सांगून पाठवलं असेल. मग पुन्हा संताप. पण खरं सांगू? पाहुण्याला अंगणात उन्हात बसवून, बघा, आमच्याकडे काही नाही, असं म्हणणं मला जमलंच नसतं. अजूनही जमेलसं वाटत नाही.

वस्ती खाली येत नाही. वेलदोडा पिकत आलाय, सोडून आलं तर चोर नेतात. एउसेबिया म्हणते, आम्ही खाली येऊन तुझ्या पडवीत किती दिवस तुझी बडबड ऐकायची?

म्हणून माकारिओने एक केलंय. ढग भरून आले की फोन घेऊन कड्यावर जाऊन बसतो, डोक्यावर प्लास्टिक धरून. इशारा तिथेच येणार तर तिथेच कुणीतरी बसायला हवं, असं त्याचं म्हणणं. इशारा आला की डोंगराच्या कण्यावरून धावत वरच्या वस्तीला सांगायचं. दोनदा उगाच धावला. वस्तीतल्या बायका त्याला हसतात. म्हणतात, जुना रेडिओ बॅटरीवर चालायचा, हा भाकरीवर चालतो. त्याला जेवू घातल्याशिवाय मात्र सोडत नाहीत. मी त्याला म्हटलं, अरे, तुझे पाय आता पन्नाशीचे. तो म्हणाला, आई, आवाजही पन्नाशीचाच आहे, तो कुठे दमतो.

तुझ्या सुनावणीला मी येईन. नवी पोलकी शिवते आहे.

आठवण ठेव, रोज थोडी थोडी,
तुझी आजी


ग्वातेमाला शहर, ७ नोव्हेंबर

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. परत पोचले. चिखल बुटांना तसाच आहे, काढवत नाही.

मामाच्या दफनाच्या दिवशी तू कुणाशीच बोलली नाहीस, म्हणून लिहिते. तुला कळायला हवं. डोंगर खचल्याबद्दल मंडळाने सरकारातल्या मोठ्या साहेबांना कळवलंय. त्यात लिहिलंय की इशारा वेळेत पाठवला गेला आणि चिराशानमध्ये तो मिळाला. मिळाल्याचा पुरावा म्हणून मामाचा नंबर जोडलाय. तो कड्यावर बसला होता म्हणून मिळाला, गावात एकाही फोनला आला नाही, हे त्यात नाही. तो धावत गेला, निम्मी घरं त्याने रिकामी केली, आणि एउसेबियाआजीच्या घरात तिच्या सुनेला उठवताना डोंगर त्या सगळ्यांवर आला, हेही नाही. त्यांच्या कागदात यंत्रणा नीट चालली.

सुनावणी जानेवारीवर गेली. आणि आजी, मला अजून एक कळलंय. शेजारच्या खोऱ्यातल्या लोकांनी मामाच्या आठवणीखातर आपलं रेडिओचं जुनं यंत्र चिराशानला दिलंय, ते तुझ्या घरात आहे. हात जोडते, सुनावणीपर्यंत ते चालू करू नका. मंडळ टपलेलंच आहे. परवान्यावाचून एक शब्द गेला तर ते म्हणतील, पहारा ठेवणारेच कायदा मोडतात. आमचं सगळं काम जाईल. मला हे तुला लिहावं लागतंय याची लाज वाटते.

रागावलीस तरी दूर करू नकोस,
तुझी ओदिलिया


चिराशान, २२ नोव्हेंबर

चि. ओदिलिया हिस,

अ. उ. आ. रागावले नाही. बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर बंद झालं नसतं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग वर जाऊन डोंगर बघितला. चिपीचिपी पावसाची रिपरिप थांबतच नाही, आणि भेग आता शाळेच्या दिशेने खाली सरकते आहे. मास्तरांनी भेग मोजायला खुंट्या ठोकल्या होत्या, त्या वाकल्यात. जानेवारीपर्यंत थांब असं त्या भेगेला कोण सांगणार? तू सांगतेस का?

तेव्हा यंत्र मी चालू केलं. माकारिओच्या खुर्चीवर उशी घालून बसले, नाहीतर तोंड माइकपर्यंत पोचत नाही. पहिल्याच दिवशी माझं नाव सांगितलं, बापाचं नाव, आणि घरही. चर्चच्या मागे, पेरूच्या झाडाखाली. म्हणजे न्यायला येणाऱ्यांना चिखलातून विचारत फिरायला नको. माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही, आणि राजधानीतल्या माझ्या नातीने मला नको म्हणून लिहिलं होतं, हेही सांगितलं. तू तुमच्या कागदात तसंच लिही. तोमासा कालने अमुक दिवशी कायदा मोडला. मंडळाचं खोटं झाकत नाहीस तसं माझंही झाकू नकोस. पहारा ठेवायचा तर माझ्यावरही ठेव.

येतील तेव्हा येतील. त्यांना काय वाढायचं ते ठरलेलं नाही.

काल भेग बघून आले आणि सांगितलं, ओढ्याकडच्या घरांनी आज अंधार पडायच्या आत चर्चमध्ये यावं, चटया घेऊन यावं, म्हाताऱ्यांना पाठीवर घ्यावं. बोलताना खोकला आला, तोही गेला सगळीकडे. मग यंत्र तसंच चालू ठेवून दाराशी आले. वाटेवर डोक्यावर चटया घेतलेली माणसं येत होती. एउसेबियाचा मुलगाही होता, त्या घरातला वाचलेला तो एकटा. एकाच्याही हातात फोन नव्हता.

काळजाच्या तुकड्या, असशील तिथे सुखी अस,
तुझी आजी, तोमासा