हात वर केला की

४ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळचे ६ वाजून ४० मिनिटे. दाराला दुसरी कडी बसवली, हात धुतले आणि लिहायला बसलो.

ती. ताईस धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र नर्सबाईंच्या अक्षरात पाहून आधी पाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं. मग कळलं की उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. दाजींनी कुकर मारला की कुकरचं झाकण, हे पत्रावरून स्पष्ट होत नाही. पोलिसांत नीट सांग.

हाड जुळलं की तू आणि छकुली इकडेच यायचं. दाजी जिन्यात येऊन दोनदा शिव्या देऊन गेले, खिडकी फोडली. नवी काच मीच कापून बसवली. काचेच्या दुकानात नोकरी असल्याचा तेवढा फायदा.

घरात कुत्रा असावा असं ठरवलं आहे. कुत्रेवाल्याकडे दोन आहेत. एक दीड वर्षाची लॅब्राडोर, दुसरा चौदा महिन्यांचा अल्सेशियन. मी दोघांवर लोखंडी गज उगारून पाहिला. लॅब्राडोर उताणी पडून पोट दाखवू लागली. अल्सेशियनने माझ्या हाताला गुंडाळलेल्या गोणपाटाचे तीन पदर फाडले. कुत्रेवाला म्हणाला, एक चाटेल, दुसरा चावेल, तुम्हाला काय हवंय ते बोला. मला दुसरा बरा वाटतो. तू काय म्हणतेस ते लवकर कळव.

छकुलीला पापा. माझ्यावरची माया आहे तेवढी असू दे.
तुझा, मास्तर


१२ ऑक्टोबर

चि. मास्तरास ताईचे अनेक आशीर्वाद.

मी सांगते आहे, नर्सबाई लिहीत आहेत. त्या म्हणतात, तुमचा भाऊ नववीतून शाळा सोडलेला वाटत नाही, एक वेलांटी चुकत नाही. मी म्हटलं, शाळा चुकवली त्याने, वेलांटी नाही.

झाकण नव्हतं, अख्खा कुकर होता, भरलेला. तक्रारीत तसंच लिहिलं आहे. आता समाधान झालं?

कुत्र्याचं म्हणशील तर पोट दाखवणारी आण. दात दाखवणारा एक मी नऊ वर्षं सांभाळला. छकुली जरा आवाज झाला की पलंगाखाली जाते. तिच्या मागोमाग आत शिरून शेजारी पडून राहील, असं जनावर मला हवं आहे. दाराचं तू आणि तुझ्या कड्या बघून घ्या.

जेवत जा. लोभ उणा होऊ देऊ नकोस.
तुझी ताई


१९ ऑक्टोबर, रविवार. सकाळचे ९ वाजून ५ मिनिटे. कानाची पट्टी बदलून लिहितो आहे.

ती. ताईस सा. न. वि. वि.

रागावू नकोस. अल्सेशियन आणला.

मंगळवारी दाजींनी मला जिन्यात गाठलं. बाटली कठड्यावर फोडली आणि तुटकी कड माझ्या गळ्याला लावली. मी मान वळवली म्हणून कानावर निभावलं. चार टाके पडले. तक्रार दिली आहे. लॅब्राडोरने त्यांना पोट दाखवलं असतं तर काय, तूच सांग.

त्याचं नाव हवालदार. रोज साडेपाच ते साडेसहा शिकवतो. कुणाचाही हात खांद्याच्या वर गेला की मनगट धरायचं. पन्नासपैकी एकोणपन्नास वेळा बरोबर आलं. एकदा मांजर आडवं आलं, ते मी धरत नाही. तू निर्धास्त ये.

लोभ वाढू दे, राग नको.
तुझा, मास्तर


२४ नोव्हेंबर

चि. मास्तरास आशीर्वाद.

आज डाव्या हाताने मीच लिहिते आहे. हे नर्सबाईंना सांगवत नव्हतं.

आम्ही तुझ्याकडे आलो, दारातच तू माझी बॅग घेतलीस, ती स्टुलाला लागली, पाण्याची कळशी खाली आदळली. माझा हात तोंडावर गेला. आवाज झाला की जातोच, नऊ वर्षांची सवय. हवालदाराने तू शिकवलंस तेच केलं. एकोणीस टाके, त्याच हाताला. त्याच्यावर माझा राग नाही.

पण त्याने मला सोडल्यावर तू गज घेतलास. तो टेबलाखाली शिरला तर पाय धरून ओढून काढलास. मी अकरापर्यंत फटके मोजले. जबडा मोडल्याचा आवाज मला दारापर्यंत आला. आता दाखवतो तुला, असं तू म्हणत होतास. ते शब्द माझ्या घरात कुणाचे होते, ते तुला माहीत आहे.

छकुली पलंगाखाली गेली. कुत्रा निपचित पडला होता, तरी बाहेर येईना. मी वाकले तर तिने विचारलं, मामाचं झालं का? हेच ती बापाबद्दल विचारायची.

तू चांगला आहेस रे. पण आम्ही येत नाही.
ताई


१ डिसेंबर, सोमवार. दुपारचे २ वाजून १० मिनिटे. हवालदाराला चमच्याने दूध पाजून झालं.

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तू लिहिलंस त्यात एकही गोष्ट चूक नाही. मी तीनदा वाचलं.

जबड्याला तार बांधली आहे. डावा डोळा गेला. गाडीखाली आला का, असं जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगून आलो. पुन्हा असं कराल का, एवढंच त्यांनी विचारलं. मला पटकन नाही म्हणता आलं नाही. काल दोरीवरचा टॉवेल काढायला मी हात वर केला. हवालदार अंगावर आला नाही. भिंतीला चिकटला आणि तिथेच मुतला.

दाजींना बाटलीच्या प्रकरणात पोलिसांनी धरलं आहे, जामीन मिळालेला नाही. घर मी सोडलं. दुकानामागच्या कोठीत मालकांनी जागा दिली, हवालदार माझ्याजवळ आहे. वरच्या खोलीची किल्ली खालच्या शिवणवाल्या बाईंकडे आहे. लॅब्राडोरही त्यांच्याकडे आणून ठेवली. खोली तुमची, कुत्रीही तुमचीच. तू बोलावल्याशिवाय मी जिना चढणार नाही, आणि बोलावलंच पाहिजे असं नाही.

छकुलीला काय लिहावं ते सुचलं नाही.

माया उरली असेल तर असू दे.
मास्तर

हिशोब:
खोलीचं भाडं, मार्चअखेरपर्यंत: ६,००० दिले
लॅब्राडोर: ९,००० पैकी ५,००० दिले, ४,००० देणे
हवालदाराचे डॉक्टर: ३,२०० पैकी १,००० दिले, २,२०० देणे
तुझे टाके: १,९०० दिले
एकूण दिले १३,९००, एकूण देणे ६,२००
तुझ्याकडून येणे: काही नाही